टिल्लू बसतो

"येतो रे टिल्लू," असं म्हणून रणजीत इंगवले उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत आवळून माझ्यासमोरून चालत गेला आणि ड्रेसिंग रूमच्या बोळात दिसेनासा झाला.

मी अंगावरचं जाकीट काढलं, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या आणि आमच्या प्रशिक्षकाकडे, ह्यू प्रॉसरकडे, दाखवायला आणलेल्या मुलीने बघावं तसं बघितलं.

"बसून घे," प्रॉसर म्हणाला. "तो येतोय."

"सर, तो गेला."

"माझ्यासमोर म्हणाला तो, येतो. एवढं मराठी मला कळतं."

प्रॉसर वेल्सचा. त्याला एवढंच मराठी कळत होतं, हीच अडचण होती.

ही ताश्कंदची गोष्ट. वीसेक वर्षं झाली असतील. आशियाई रग्बी स्पर्धेच्या सगळ्यात खालच्या गटातला शेवटचा सामना, भारत विरुद्ध उझबेकिस्तान. जो हरेल तो आणखी खालच्या गटात जाणार होता. तो आणखी खालचा गट अजून स्थापन व्हायचा होता, पण त्यामुळे कुणी ढिलाईने खेळत होतं असं नाही. सामना संपत आला होता आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो.

रग्बी आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. पंधरा धिप्पाड माणसं एका लंबगोल चेंडूसाठी दुसऱ्या पंधरा धिप्पाड माणसांच्या अंगावर जातात. चेंडू हाताने पुढे फेकायला बंदी. फेकायचा तर मागेच. प्रकरण सतत मागे पाठवत पाठवत पुढे कसं न्यायचं, हे सरकारी कचेरीत नोकरीला असल्यामुळे मला चटकन समजलं होतं. आता या धिप्पाडांच्या ढिगातून चेंडू उपसून बाहेर काढायला एक बुटका, चपळ आणि कटकट्या माणूस लागतो. त्याला स्क्रम-हाफ म्हणतात. त्याचा शर्ट नऊ नंबरचा. माझं आडनाव टिल्लू, उंची आडनावाला शोभेल अशी, आणि कटकटीबद्दल आमच्या घरी कुणालाही विचारा.

मी गुणी होतो. हे माझं मत नव्हे. निवड समिती तसं म्हणायची, प्रॉसर म्हणायचा, आमचे मॅनेजर कर्नल चॅटर्जी तर उठता-बसता म्हणायचे. "टिल्लूचे हात बघा," ते पाहुण्यांना सांगत, "असा पास आशियात कुणाचा नाही." मग पाहुणे विचारत, की हा आज खेळणार का? कर्नल म्हणत, "फार गुणी मुलगा आहे." ज्याला खेळवायचं नसतं त्याला गुणी म्हणतात, हे लक्षात यायला मला दोन दौरे लागले.

संघात मी चार वर्षं होतो. कोलंबो, बँकॉक, दोहा, पुन्हा कोलंबो. इतक्या ठिकाणची बाकं मला माहीत आहेत. कोलंबोचं लाकडी आणि चांगलं रुंद होतं, दोह्याचं प्लॅस्टिकचं, दुपारी तापायचं. खेळलो मात्र एक मिनिटही नव्हतो. कारण स्क्रम-हाफ एकच लागतो, आणि तो रणजीत इंगवले होता.

रणजीत कोल्हापूरचा, तालमीतल्या घरातला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि माझ्या दुप्पट रुंद. चार वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. मी रोज सकाळी त्याच्या तब्येतीची जेवढी आस्थेने चौकशी करत असे तेवढी त्याच्या आईनेही केली नसेल. तोही बिचारा मनापासून उत्तर द्यायचा. "झ्याक हाय की मर्दा. तुझं काय, पाठबिठ अवघडली न्हाई न्हवं बसून?"

आमचे बाबा हवामान खात्यातून निवृत्त झालेले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. लग्नाकार्यात कुणी विचारलं, की मुलगा काय करतो हल्ली, तर ते सांगत, "भारताकडून बसतो." विचारणाऱ्याला वाटे, ऐकण्यात चूक झाली. मी दौऱ्यावरून परत आलो, की दार उघडून पहिला प्रश्न, "बसलास?"

"बसलो."

"बरं. हातपाय धू."

कचेरीत आमच्या साहेबांकडे दौऱ्यासाठी विशेष रजा मागायला गेलो, की ते चष्मा काढून म्हणायचे, "टिल्लू, बसायचंच आहे तर इथे काय वाईट आहे?" पंखाही होता तिथे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रग्बीत देशाकडून खेळणाऱ्याला टोपी देतात. खरीखुरी, मखमली, वर सोनेरी गोंडा. नियम इतकाच, की सामना चालू असताना रेषेच्या आत पाऊल पडलं पाहिजे. क्षणभर पडलं तरी चालतं. पडलं, की तुम्ही आंतरराष्ट्रीय खेळाडू. नाही पडलं, तर तुम्ही सरकारी रजेवर परदेशात फिरून आलेले गृहस्थ. मराठीत टोपी घालणे याचा अर्थ वेगळा होतो, आणि त्या अर्थाने संघाने मला चारदा घातली होती. पण मला मखमली हवी होती. बाबांनाही हवी होती. हॉलमध्ये त्यांनी त्यांच्या सेवापूर्तीच्या मानपत्राशेजारी एक खिळा ठोकून ठेवला होता. पाहुणे विचारत, इथे काय लावायचंय? ते म्हणत, "अंदाज आहे एक."

ताश्कंदला जाताना विमानात कर्नल चॅटर्जी माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, की पुढच्या वर्षीपासून तरुण मुलांना संधी द्यायचं ठरतंय. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू फार गुणी आहेस." म्हणजे आता ताश्कंद, नाहीतर कधीच नाही.

घरून निघताना ताश्कंदचं नाव निघालं तेव्हाच बाबांचा चेहरा उतरला होता.

"ताश्कंद? जपून रे. तिथून शास्त्रीजी परत आले नाहीत."

"बाबा, शास्त्रीजी करार करायला गेले होते. मी बसायला जातोय."

"जातोय म्हणू नकोस."

"बरं. येतो."

"हं. ये." आणि मग दारातच थांबून, कुठेतरी भलतीकडे बघत म्हणाले, "तो इंगवले आहे का बरोबर?"

"तो नेहमीच असतो."

"हं," बाबा म्हणाले.

आता प्रॉसरच्या मराठीबद्दल. दौऱ्याआधीचं आमचं शिबिर पुण्याला होतं आणि ते तीन महिने प्रॉसर एरंडवण्यात घाटपांडे काकूंकडे पैसे देऊन राहत होता. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी त्याला रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसवून क्रियापदं शिकवली. मी येतो, मी जातो, मी खातो, मी बसतो. कर्ता बदलून वाक्य करून दाखव म्हटल्यावर प्रॉसरने आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र मराठी वाक्य उच्चारलं, ते होतं "टिल्लू बसतो". काकूंनी त्याला शाबासकी दिली. त्याने ते वाक्य दुसऱ्या दिवशी सरावाला येऊन सगळ्यांना म्हणून दाखवलं. संघातल्या कोल्हापूरकडच्या पोरांनी त्याच दिवशी त्याचं नाव परशा ठेवलं. काकूंच्या शिकवण्यात चूक नव्हती. क्रियापदं त्यांनी चोख शिकवली, फक्त निरोप घ्यायला शिकवलं नाही. काकू स्वतः कुठे जातच नसत.

तर ताश्कंदला रणजीतची करंगळी निखळली. समोरच्या आडदांड खेळाडूला आडवा पाडताना त्याच्या शर्टात अडकली आणि बाजूला वळली. रणजीत बाहेर आला. तिथल्या डॉक्टरने रेषेपाशीच ती हातात घेऊन एक हिसका दिला, कट्‌ असा आवाज झाला, डॉक्टरने मान हलवून आत जायची खूण केली. रणजीतने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "येतो रे टिल्लू," आणि आत जायच्या ऐवजी बोळात गेला.

दुखापत झालेल्याच्या जागी एकदा दुसरा खेळाडू आत गेला, की बाहेर गेलेल्याला परत येता येत नाही. म्हणून प्रॉसर मला सोडायला तयार नव्हता. रणजीत बोटाला पट्टी बांधायला गेलाय, तो येईल, तोवर चौदा जणांत भागवू, असा त्याचा विचार.

"सर," मी म्हटलं, "मराठीत येतो म्हणजे जातो."

प्रॉसरने मैदानावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"आणि जातो म्हणजे?"

"जातो असं म्हणत नाहीत, सर."

"का?"

"अशुभ असतं. जातो म्हणजे कायमचा जातो. मरतो."

"इंगवले मरतोय?"

"नाही सर. म्हणून तर येतो म्हणाला."

मैदानात आमच्या गोलरेषेपासून हाकेच्या अंतरावर उझबेकांनी आमच्या कप्तानाला उचलून जवळजवळ फेकून दिलं होतं.

"बरं," प्रॉसर म्हणाला, "ज्याला खरोखर परत यायचं असतं, तो काय म्हणतो?"

इथे मी जरा अडखळलो. "तोही येतोच म्हणतो."

"मग ऐकणाऱ्याला कळतं कसं?"

"वाट बघून, सर."

"हे बघ टिल्लू," प्रॉसर अगदी शांतपणे म्हणाला, आणि तो शांत झाला की आम्ही घाबरायचो. "चार वर्षं तू माझ्या बाकावर आहेस. आज अचानक तुझ्या भाषेत येणं म्हणजे जाणं निघालं. फार सोयीची भाषा आहे तुझी."

त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो, तरी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

"कर्नल!" प्रॉसरने हाक मारली. कर्नल चॅटर्जी बाकाच्या दुसऱ्या टोकाला छत्री टेकून उभे होते. ऊन असो, सावली असो, छत्री असायची. "हा म्हणतोय, की इंगवले येतो म्हणाला म्हणजे तो गेला. असं असतं का?"

कर्नल कलकत्त्याचे. त्यांनी मैदानावरची नजर न हलवता सांगितलं, "असतं. आम्हीसुद्धा निघताना आशि म्हणतो. आशि म्हणजे येतो. माझे एक मामा आशि म्हणून कानपूरला गेले. आम्ही सगळे मोठे झालो, मामा आलेले नाहीत."

"सर, आमच्याकडे पण," सेल्वम मध्येच बोलला. सेल्वम चेन्नईचा, सव्वाशे किलोचा, तोही बदली खेळाडू. बाकाचा त्याच्या बाजूचा पाय नेहमी मातीत रुतलेला असायचा. "पोयिट्टु वरेन म्हणतात. जाऊन येतो. नुसतं जातो म्हटलं तर आई चप्पल घेते हातात."

"तो कुठे जात असला तरी?"

"दुधाला जात असला तरी."

समोर देश चौदा माणसांनिशी पराभवाच्या दारात उभा होता आणि आमच्या बाकावर राष्ट्रीय एकात्मतेचा परिसंवाद भरला होता. प्रॉसरने एकदा बोळाकडे बघितलं. बोळ रिकामा होता. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"या अख्ख्या देशात कुणी जात कसं नाही?"

"जातात, सर," मी म्हटलं. "सांगत नाहीत."

तेवढ्यात शिट्टी झाली. उझबेकांच्या हातून चेंडू पुढे पडला होता. म्हणजे स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी एकमेकांत खुपसून रेटा देणार, आणि मधल्या फटीत चेंडू टाकायचा तो स्क्रम-हाफने. चेंडू टाकायचा हक्क आमचा होता. फक्त टाकणारा नव्हता. शिट्टीपाठोपाठ वेळही संपली, पण रग्बीत वेळ संपली म्हणून सामना संपत नाही. चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत तो चालू राहतो. तिकडून आमचा कप्तान दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता, "नऊ नंबर! अरे नऊ नंबर कुठे आहे?"

माझ्या पाठीवर बावीस नंबर होता. पण असल्या प्रसंगी कोण बघतं.

प्रॉसरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विश्वासही नव्हता. प्यायचं पाणी संपल्यावर माणूस नळाकडे बघतो तसा तो बघत होता.

"टिल्लू," तो म्हणाला, "जातो."

त्याला 'जा' म्हणायचं होतं. काकूंनी आज्ञार्थ शिकवला नव्हता.

मी उठून पळालो आणि पळताना तोंडातून सवयीने निघून गेलं, "येतो सर!"

"कुठला?" मागून प्रॉसरची किंकाळी आली. "दोनांपैकी कुठला?"

रेषेपाशी मी थांबलो. पंचाने हात वर करून आत यायची खूण केली. मी खाली बघितलं आणि उजवं पाऊल आधी टाकलं, नव्या घरात शिरताना टाकतात तसं. पांढऱ्या रेषेपलीकडे गवत होतं. अलीकडे होतं तसंच, पण मला जरा जास्त हिरवं वाटलं. टोपी झाली. इथे भूकंप होऊन सामना रद्द झाला असता तरी मी तक्रार केली नसती.

भूकंप झाला नाही, त्यामुळे खेळावं लागलं.

आमचा कप्तान माझ्याकडे बघून म्हणाला, "तू?" आणि लगेच, "बरं, चालेल. बाहेर काढ आणि बाहेर मार." इतकी स्पष्ट सूचना मला कचेरीत कधी मिळाली नव्हती. सोळा माणसं वाकली. हाडांवर हाडं आपटल्याचा आवाज आला. बाकावरून हा आवाज लांबून येणाऱ्या गडगडाटासारखा वाटतो. जवळून तो लाकडाच्या वखारीतल्यासारखा वाटतो. मी चेंडू फटीत टाकला. आमची फळी मागे सरकली, आणखी मागे सरकली, पायांच्या त्या जंगलातून चेंडू ठेचकाळत मागे यायला लागला आणि मध्येच कुणाच्या तरी टाचेला अडून थांबला. उझबेकांचा आठ नंबरचा गडी बाजू मोकळी करून माझ्याकडे निघाला. त्याला आपण नेहमी माणूस म्हणतो त्या मापाने माणूस म्हणणं कठीण होतं.

"ये," मी चेंडूला म्हटलं. मोठ्याने म्हटलं. खरंच यायचा तो शब्द होता.

टाच हलली. चेंडू आला. मी उचलला, आणि आशियात कुणाचा नसेल असा पास देण्याऐवजी जिवाच्या आकांताने डाव्या पायाने बाहेर मारला. तो बाकांवरून गेला, प्रेक्षकांवरून गेला, भिंतीवरून गेला आणि पलीकडच्या रस्त्यात ट्रामच्या टपावर आदळला असं पुष्कळांनी मला नंतर सांगितलं. मी डोळे मिटले होते. मग तो आठ नंबर माझ्यावर येऊन पडला आणि अंधार झाला. त्या अंधारात मला लांब शिट्टी ऐकू आली. ती संपेचना. पंचालाही सुटल्यासारखं वाटत असावं.

माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द ती एवढी. आत गेलो आणि देशासाठी चेंडू बाहेर मारला.

ड्रेसिंग रूममध्ये शिरलो तर रणजीत आंघोळ करून, भांग पाडून, संघाचा कोट घालून बसला होता. समोर खरबूज कापलेलं. खाताना करंगळी तेवढी वर धरली होती, लग्नात चहा पिणाऱ्या व्याह्यासारखी.

"काय बघालास?" तो म्हणाला.

"बोट कसंय?"

"बसलं की. डॉक्टरनं एकच हिसका दिला, बसलं."

"मग आला का नाहीस?"

"आता? येतो म्हणून सांगून आलो न्हवं तुला?"

"तेच म्हणतोय मी. येतो म्हणजे काय?"

"आता पुण्याच्या माणसाला मराठी मी शिकवू व्हय?"

मी त्याच्यासमोर बसलो. सवयीने.

"रणजीत, हरलो असतो तर?"

"तर करंगळी लई ठणकत हुती म्हणून सांगितलं असतं. ठणकतीया बी जरा." त्याने खरबुजाची फोड माझ्यापुढे केली.

"पण का?"

"तुझ्या बाबास्नी इचार."

"बाबांचा काय संबंध?"

"खा. गोड हाय."

तेवढ्यात प्रॉसर आत आला. त्याने रणजीतचा भांग बघितला, कोट बघितला, खरबूज बघितलं.

"इंगवले," तो म्हणाला, "तू आला नाहीस."

रणजीत उठून उभा राहिला, अदबीने. "सर, आय सेड येतो."

प्रॉसर धपकन बाकावर बसला. माझ्याशेजारी. मग त्याने त्याचा तो मोठा पंजा माझ्या पाठीवर ठेवला आणि एक फोड उचलली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी कर्नल चॅटर्जींनी मला टोपी दिली. छोटंसं भाषण केलं, त्यात 'गुणी' हा शब्द आला नाही, तेव्हा मला खात्री पटली की मी खेळलो. टोपी सगळ्यांसाठी एकाच मापाची असते. मी घातली तर ती कानांवरून खाली येऊन नाकावर टेकली. टाळ्या ऐकू आल्या, माणसं दिसली नाहीत.

मुंबईला विमानतळावर आम्ही पांगलो. प्रॉसरचा करार संपला होता. त्याचं पुढचं विमान तिथूनच होतं. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, रणजीतची करंगळी तपासली, सरकत्या दारापाशी गेला आणि वळून, अगदी व्यवस्थित हात जोडून म्हणाला, "येतो."

त्यानंतर तो या देशात कधी आला नाही. काकूंना मी कळवलं, की तुमचा विद्यार्थी पास झाला.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा सकाळ होती. मी ताश्कंदहून फोन केला नव्हता. तिथून फोन लागत नसे. वर्तमानपत्रात ओळसुद्धा आली नव्हती, कधीच येत नसे. दार बाबांनीच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. मी "बसलास?" या प्रश्नाची वाट बघत उंबऱ्यात उभा राहिलो. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे त्याचं वेगळं उत्तर होतं.

"इंगवलेला किती लागलं?" बाबांनी विचारलं.

मी बॅग खाली ठेवली.

"त्याला लागलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लागलं म्हणजे!" बाबांनी दाराची चौकट धरली. "कुठे? किती? आधी ते सांग."

"करंगळी निखळली. जागच्या जागी बसवली. खरबूज खात होता."

"करंगळी."

"हो."

"बाकी काही नाही? डोकं, गुडघा, काही?"

"काही नाही, बाबा. फक्त करंगळी."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला, की दाराच्या पडद्याची झालर हलली. मग ते आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मी पाठोपाठ गेलो.

"हलक्या स्वरूपाचं म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले.

"बाबा."

"मी त्याला फोन केला होता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू निघायच्या आदल्या दिवशी दुकानात पट्ट्या आणायला गेला होतास तेव्हा. म्हटलं, बाळ, तुला काही होऊ नये हीच आमची इच्छा. पण झालंच, तर हलक्या ते मध्यम स्वरूपाचं होऊ दे. तेही तुरळक ठिकाणी. जोरदार नको. आणि झालं, तर लगेच परत आत जाऊ नकोस, जरा थांब. एवढंच म्हटलं रे मी."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, बघतो की." बाबांनी कपाळ पुसलं. "आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. दुसऱ्याच्या पोराला! त्यात ताश्कंद. तू गेल्यापासून झोप नाही मला. त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून बोट निखळत नाही, बाबा."

"ते मला कळतं. मी खात्यात होतो. मी म्हणालो म्हणून पाऊसही पडत नसे." मग त्यांचा आवाज बदलला. "जरा थांबला का तो?"

"आंघोळ करून बसला होता."

"मग आत कोण गेलं?"

मी बॅगेतून टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

बाबांनी ती उलटून आतलं अस्तर बघितलं, गोंड्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरली. हातात धरूनच ते उठले आणि मला वाटलं आता खिळ्यावर अडकवणार. पण ते खिळ्यापाशी थांबले नाहीत. आरशासमोर गेले आणि टोपी डोक्यावर चढवली. आमच्या घरात डोकं त्यांचंच मोठं. मखमल कपाळावर नीट टेकली, गोंडा कानाशी आला.

त्यांनी मान डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं.

"बसली," ते म्हणाले.